चुंबक जिथे निसटलं

रस्त्याकडेला उभी असलेली गाडी दिसली की माझा हात तिच्याकडे जातो. लग्नाच्या मांडवाबाहेर असो, दवाखान्याच्या आवारात असो. मागच्या डाव्या मडगार्डापाशी थांबून मी बोटाच्या पेरानं टकटक करतो. पत्रा असेल तर आवाज खणखणीत येतो, आत काही भरलेलं असेल तर बद्द येतो. माझी मुलगी रागावते. "बाबा, लोक बघून राह्यले." बघू देत. आवाज कसाही आला तरी मला चैन पडत नाही, हे तिला माहीत नाही. तिला बाकीचंही माहीत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

आधी मुद्द्याचं सांगून टाकतो, म्हणजे पुढे मलाच वळणं घेता येणार नाहीत. चंद्रपुरातल्या आमच्या गॅरेजमध्ये एका जुन्या मोटारीचं मागचं डावं मडगार्ड मी गाडी मागे घेताना ठोकलं. पडलेल्या खड्ड्यात मसाला भरला, रंग मारला आणि गप्प बसलो. काही वर्षांनी तो मसाला उघडा पडला, तेव्हा दोष त्या मोटारीच्या ड्रायव्हरवर आला आणि मी तो येऊ दिला. एवढंच झालं. हे सगळं ऐंशीच्या दशकातलं आहे.

गॅरेज बल्लारपूर रस्त्याला होतं. एका बाजूला चहाची टपरी, दुसऱ्या बाजूला आरागिरणी. गिरणीचे सागाचे ओंडके आमच्या कुंपणाला लागून पडलेले असत, काही तर आमच्याच हद्दीत घरंगळून आलेले. आम्ही दोघं भागीदार. तो डेंटर, मी पेंटर. तो कुरखेड्याकडचा, वडिलांची धानशेती. लहानपणी भांडी ठोकणाऱ्या कासाराच्या दुकानाबाहेर बसून तो पत्र्याचं काम शिकला, असं तोच सांगायचा. रोज थोडं वेगळं सांगायचा. मी त्याला मिस्त्री म्हणायचो आणि तो मला पेंटर. अंगानं आडवा, आवाज मोठा, आणि स्वतःच्या हाताबद्दल बोलायला लागला की चहा गार होईपर्यंत थांबायचा नाही.

पत्र्याला खड्डा पडला की तो काढायच्या दोन रीती असतात. आतून टेकू देऊन हातोडीनं पत्रा परत जागेवर आणायचा, ही एक. खड्ड्यात पुटीन भरायचं, घासून सपाट करायचं आणि वरून रंग मारायचा, ही दुसरी. पहिलीला दिवस लागतात, दुसरीला दुपार पुरते. सगळ्या गावात दुसरीच चालायची. आमच्याकडे चालायची नाही.

"पुटीन म्हनजे मेकअप," मिस्त्री गिऱ्हाइकाला सांगायचा. "लगन लागेपर्यंत टिकते. मंग पानी पडलं का खरं थोबाड दिसते."

"आनि आमी पेंटर काय करावं गा मग?" मी विचारायचो.

"तू लाली लाव. तुले कोन नाई म्हन्ते?"

त्याच्याकडे एक चुंबक होतं, फाटलेल्या भोंग्यातून काढलेलं, पुरीएवढं गोल. पत्र्याचं काम संपलं की रंग लागायच्या आधी तो ते गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. "लावा कुठीबी." चुंबक गाडीभर टकटक चिकटत जायचं. पुटीन जाड भरलं असेल तिथे ते धरत नाही, घसरून खाली पडतं. आमच्याकडे ते कधी पडलं नाही. ही आमच्या गॅरेजची पद्धत झाली होती. लोक स्वतःची गाडी दुरुस्तीला नसली तरी चुंबक लावायचा तमाशा बघायला टपरीवर थांबायचे.

मोटार एका डॉक्टरांची होती. स्वातंत्र्याच्या आधीची, विलायती, लांब नाकाची. गडचिरोलीकडच्या एका जमीनदाराच्या घराण्याची ती गाडी डॉक्टरांनी हौसेनं विकत घेतली आणि गाडीबरोबर तिचा ड्रायव्हरही आला. तो भामरागडच्याही पलीकडच्या एका जंगलातल्या गावचा. पोरवयात जमीनदाराकडे गाडी पुसायला लागला, मग चालवायला. वयानं आमच्याहून मोठा. आम्ही त्याला ड्रायव्हरभाऊ म्हणायचो. उंच, काटक, कानात बारीक बाळी. पान खाऊन गाडीजवळ जायचा नाही, आधी चूळ भरायचा.

गाडीला दुसरं कोणी हात लावलेलं त्याला खपायचं नाही. गॅरेजमध्ये गाडी दिली की तोही दिवसभर तिथेच. गाडी आतबाहेर करायची तर त्यालाच हाक मारायची.

"एक रेघ नाई," तो टपरीवर सांगायचा. "जंगलात चालवली, घाटात चालवली, नाल्यातून काढली. माह्या हातानं एक रेघ नाई."

"लगन लावलं काय भाऊ तिच्यासंगं?" टपरीवाला विचारायचा.

"बायको तरी बोलते मले. हे बोलत नाई. मंग जास्त नाई जपा लागत?"

दसऱ्याला गाडी नव्या रंगात पाहिजे, असं डॉक्टरांनी ठरवलं. मिस्त्रीनं नाकाडावरचे आणि दारांवरचे जुने खड्डे काढले. मागच्या डाव्या मडगार्डाला काहीच नव्हतं. डॉक्टर स्वतः आले, चुंबक हातात घेऊन गाडीभोवती फिरले. सगळीकडे टक, टक, टक. त्यांना लहान मुलासारखी मजा वाटली. दोन ठिकाणी त्यांनी उगाच पुन्हा लावून पाहिलं. मग गाडी माझ्या ताब्यात आली. मी तिला गडद तांबडा रंग दिला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मिस्त्री बायकामुलं घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेला. दरवर्षी जायचा. जाताना म्हणाला, "पालिश मार आन दे. काई ठोकठाक करू नको माह्या मागं." हसत म्हणाला होता.

दुपारी ड्रायव्हरभाऊ झेंडूची फुलं आणायला गावात गेला. गाडी शेडमध्ये होती. पॉलिशला ऊन हवं होतं. तो ऊन उतरायच्या आत आला असता. मला थांबता आलं असतं. पण मी चावी लागलेली पाहिली आणि दार उघडून त्या सीटवर बसलो. कातडी सीट, स्टिअरिंगचं मोठं पातळ चक्र, समोर ते लांब नाक. मी रंगवलेली होती ती. दुसऱ्यांच्या गाड्या रंगवण्यात माझा जन्म गेला, पण अशा गाडीत मी बसलो नव्हतो. मला ती पंधरा-वीस हात चालवून पाहायची होती. एवढीच हौस.

रिव्हर्स टाकला. क्लच जुना, वरवर काही धरत नव्हता आणि मग एकदम धरला. गाडी मागे उसळली. जो आवाज आला तो मोठाही नव्हता.

मागचं डावं मडगार्ड कुंपणाजवळच्या ओंडक्यावर गेलं होतं. ओंडक्याच्या तोंडाची कड पत्र्यात शिरली होती, अर्ध्या ताटासारखी वाकडी.

मी आतून हात घालून पाहिला. तिथे हातोडी पोचत नव्हती, मडगार्ड उतरवावं लागलं असतं, आणि ते माझं कामही नव्हतं. मिस्त्री परवाशिवाय येत नव्हता. गाडी उद्या सकाळी पूजेला पाहिजे होती. त्याहीपेक्षा ड्रायव्हरभाऊ कोणत्याही क्षणी रस्त्यावरून चालत येणार होता. त्याचा चेहरा मला दिसायला लागला. मी पुढचा विचार केलाच नाही.

बल्लारपूरच्या एका फिटरनं मला कधीतरी दोन डब्यांतला मसाला आणून दिला होता. यंत्राचं फुटलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, सांधायला वापरतात तसला. दोन्ही डब्यांतलं एकत्र कालवलं की थोड्या वेळात दगड. मी तो सगळा कालवला आणि त्या खड्ड्यात भरला, बोटभर जाड. तो घट्ट होताना गरम होतो. तळहाताखाली मडगार्ड तापलेल्या कपाळासारखं लागत होतं. मग कानस, मग पॉलिशपेपर, मग रंग. गाडी पुन्हा शेडमध्ये ढकलली, इंजिन सुरू न करता, एकट्यानं. कशी ढकलली कोण जाणे.

ड्रायव्हरभाऊ फुलांची पिशवी घेऊन आला तेव्हा मी फवाऱ्याचं पात्र धूत होतो. तो नेहमीसारखा गाडीभोवती फिरायला लागला.

"मागं हात लावू नका भाऊ," मी म्हणालो. "डाव्या बाजूले आणखी एक हात मारला. ओला आहे."

जो माणूस मला कधी त्या गाडीला टेकू द्यायचा नाही, त्यानं माझं ऐकून दोन्ही हात मागे बांधले. "बरं झालं सांगितलं," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं गाडीला फुलांची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं, डॉक्टरांनी नारळ फोडला आणि गाडी गेली.

मिस्त्री आला तो नागपूरच्या गर्दीच्या गोष्टी घेऊन. सोबत आणलेली पुस्तकं दाखवत होता, कुठे पोरगा हरवला आणि कसा सापडला ते सांगत होता. हे संपलं की सांगू, असं मी मनाशी म्हणत होतो. ते संपलं आणि एक ट्रकवाला आला. मग संध्याकाळ झाली. काही दिवसांनी सांगायचं म्हटलं तर इतके दिवस का नाही सांगितलं, हेही सांगावं लागणार होतं. असं करत ते राहून गेलं.

त्यानंतरची काही वर्षं ती गाडी आठवड्यातून एकदोनदा आमच्यावरून जायची. ड्रायव्हरभाऊ हॉर्न द्यायचा. मिस्त्री हात वर करायचा. मी डाव्या मडगार्डाकडे पाहायचो. पावसाळ्यात मला वाटायचं, आता आत पाणी गेलं असेल, आता गंज धरला असेल, आता पापुद्रा सुटेल. उन्हाळ्यात वाटायचं, चंद्रपूरच्या या उन्हात तडकेल. काहीच झालं नाही. मसाला चांगला होता. काम इतकं बेमालूम झालं होतं की कधी कधी मला अभिमानही वाटायचा, आणि मग स्वतःचीच चीड यायची.

दशक संपत आलं तेव्हा डॉक्टरांनी ठरवलं की गाडी पूर्ण मूळ रूपात आणायची. नागपूरला जुन्या गाड्यावाल्यांचा एक गट होता, त्यांच्यात ते जाऊ लागले होते. रंग पत्र्यापर्यंत खरवडायचा, गंज काढायचा, आणि खाली जो मूळ रंग सापडेल तो पुन्हा द्यायचा. ते काम ते आमच्याकडेच घेऊन आले. मिस्त्रीला आभाळ ठेंगणं झालं.

खरवडायला नाकापासून सुरुवात झाली. माझ्या तांबड्याखाली काळा निघाला, काळ्याखाली हिरवा, बाटलीच्या काचेसारखा. डॉक्टर रोज दुपारी दवाखाना आटोपून बघायला येत. ड्रायव्हरभाऊ खाली पडलेले पापुद्रे उचलून हातावर ठेवायचा आणि सांगायचा, हा हिरवा मोठ्या मालकाच्या वेळचा, हा काळा धाकट्याच्या. सगळे खुशीत होते. मी पुढच्या दारापाशी बसून खरवडत होतो आणि दर वेळी पट्टी ओढली की मागे किती अंतर उरलं ते बघत होतो.

"मागचा भाग राहू देऊ ना," मी एकदा मिस्त्रीला म्हणालो. "रंग पक्का आहे तिथचा. उगाच मेहनत."

"डाक्टर म्हन्ले पुरी नागडी करायची. तुले काऊन लाज येऊन राह्यली?"

मग मी ठरवलं की सुट्टीच्या दिवशी येऊन ते मडगार्ड एकट्यानं खरवडायचं, मसाला काढून टाकायचा, आणि खड्डा जुनाच आहे म्हणायचं. अशा बेतात झोप जायची. बायको विचारायची, बरं वाटत नाही का? मी म्हणायचो, पाठ दुखते. सुट्टीच्या दिवशी गेलो, तर मिस्त्री माझ्याआधी येऊन बसला होता. त्याला घरी करमत नव्हतं. "ये," म्हणाला, "मागचं खरवडू आज." डाव्या बाजूला तोच बसला.

त्यानं वरचा तांबडा काढला. खाली काळा यायला हवा होता. राखाडी आलं.

तो थांबला. नखानं टोकरलं. मग काही न बोलता उठला आणि टपरीवर गेला. माझ्याकडे पाहिलंही नाही. मी तिथेच उभा राहिलो. तेव्हाच त्याच्यामागे जायला हवं होतं. त्याला अजून काही कळलेलं नव्हतं, फक्त काहीतरी आहे एवढं कळलं होतं. टपरीपर्यंत तीस पावलं असतील. मी गेलो नाही.

तेवढ्यात डॉक्टर आले, सुट्टी म्हणून सकाळीच. सोबत ड्रायव्हरभाऊ. मिस्त्री टपरीवरून आला तो खिशातलं चुंबक काढतच.

"ड्रायव्हरभाऊ, घ्या. तुमीच लावा."

त्याला वाटलं, हा नेहमीचाच खेळ आहे. हसत हसत त्यानं नाकापासून सुरुवात केली. टक. दारावर टक. छपरावर टक. उजवं मडगार्ड टक. डाव्या मडगार्डावर त्यानं चुंबक ठेवलं आणि हात काढला. ते घसरलं आणि मातीत पडलं.

"अरे," तो म्हणाला, आणि हसत पुन्हा लावलं. पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा लावताना तो हसत नव्हता.

मिस्त्रीनं छिन्नी लावून दोन ठोके दिले. मसाल्याची एक अखंड लादी सुटून त्याच्या हातात आली, तव्याच्या तुकड्याएवढी. खाली गंजलेला खड्डा.

डॉक्टर रागीट नव्हते. त्यांनी खड्ड्याकडे पाहिलं, मग ड्रायव्हरभाऊकडे, आणि हलक्या आवाजात विचारलं, "कुठे ठोकली होती रे?"

"म्या? म्या नाई ठोकली साहेब."

"दसऱ्याला रंग दिला, त्याच्या आधी मी स्वतः इथे चुंबक लावलं होतं. तेव्हा चिकटलं. त्यानंतर गाडी तुझ्याशिवाय कोणी चालवलेली नाही. तूच सांगतोस ना ते सगळ्यांना?"

"हो साहेब. कोनी नाई चालवली."

"मग?"

त्या हिशेबात एक फट होती. चुंबक लावलं तो दिवस आणि गाडी बाहेर पडली तो दिवस, यांच्यामध्ये गाडी माझ्याकडे होती. पण रंग देणाऱ्या माणसाचा विचार कोणी करत नाही. पेंटर गाडी चालवत नाही.

"कुठल्या तरी गॅरेजमध्ये भरून घेतली असशील," डॉक्टर म्हणाले. "घाबरला असशील. होतं माणसाचं. मी काही तुला काढत नाही त्यासाठी. फक्त हो म्हण. खोटं बोललेलं मला चालत नाही, ठोकलेलं चालतं."

"ठोकली असती तं म्हनलं असतं."

"अजून विचार कर."

ड्रायव्हरभाऊ मिस्त्रीकडे वळला, मग माझ्याकडे. "सांगा ना तुमी. तुमच्याकडंच तं राह्यते गाडी. म्या कधी..."

त्यावर मी जे बोललो ते मला आजही शब्दशः आठवतं. "मानून घ्या ना भाऊ," मी म्हणालो. "साहेब काही म्हणून नाई राह्यले. एक शब्द बोला, विषय खतम."

गप्प बसलो असतो तर वेगळं होतं. मी गप्पही बसलो नाही. मी त्याला माझा गुन्हा कबूल करायला सांगत होतो, आणि तेही समजुतीच्या सुरात. मला खरंच वाटत होतं की तो हो म्हणाला तर सगळ्यांचं बरं होईल. त्याची नोकरी राहील, डॉक्टर विसरतील, मला झोप लागेल.

तो माझ्याकडे पाहत राहिला. "नाई ठोकली ते ठोकली म्हनू?" त्यानं विचारलं. "काऊन?"

त्यानं सदऱ्याच्या खिशातून चावी काढली. त्या चावीला त्यानं एक निळा मणी बांधलेला होता. तो सोडवायला वेळ लागला, गाठ जुनी होती. सगळे उभे राहून ती गाठ सुटण्याची वाट पाहत होते. मग त्यानं चावी नाकाडावर ठेवली, उघड्या पत्र्यावर, हळूच, ओरखडा जाणार नाही अशी. मणी खिशात टाकला. "जोहार साहेब," म्हणाला आणि बसस्टँडच्या दिशेनं चालायला लागला. डॉक्टरांनी दोनदा हाक मारली. तो थांबला नाही.

डॉक्टर गेल्यावर मिस्त्री ती लादी हातात घेऊन बसला होता. खालची बाजू वर करून तो तिच्यावरून अंगठा फिरवत होता. खड्ड्याचा आकार लादीच्या पोटावर जसाच्या तसा उतरला होता, अर्ध्या ताटासारखी ती कड. त्यानं मान वर केली आणि कुंपणाकडे पाहिलं, ओंडक्यांकडे. मग माझ्याकडे.

"तू?"

मी मान डोलावली.

"मी नागपूरले गेल्तो तवा?"

"हो."

तो शिव्या देईल असं वाटलं होतं. त्यानं लादी माझ्या पायाशी टाकली. ती फुटली नाही. "आता सांगतलं तं काय म्हन्तीन लोक?" तो म्हणाला. "चुंबकवाल्याच्या गॅरेजात पुटीन." त्यानं पुन्हा ओंडक्यांकडे पाहिलं. "नाई सांगतलं तं काय म्हनू मी मले?"

तो सांगायला गेला नाही. मीही नाही. हे लिहिताना मी त्याच्यावर काही ढकलत नाही, चूक माझी होती. पण त्या दिवसापासून त्यानं गिऱ्हाइकाच्या हातात चुंबक दिलं नाही. ते मडगार्ड त्यानं उतरवून ठोकून ठोकून असं केलं की हात फिरवला तर पाण्यावर फिरवल्यासारखा वाटावा. मला रंगाखालचं अस्तर मारायलाही जवळ येऊ दिलं नाही, तेही स्वतःच मारलं, वाईट मारलं. वर्षाच्या आत आम्ही वेगळे झालो. कारण विचारलं तर दोघंही जागा लहान पडते म्हणून सांगायचो.

पुढच्या उन्हाळ्यात मी ती लादी फडक्यात गुंडाळून भामरागडच्या बसमध्ये बसलो. पाऊस लागला की तो रस्ता बंद होतो, मग जाता येणार नाही, असं स्वतःला सांगत होतो आणि पाऊस लवकर लागावा असंही वाटत होतं. बस सोडून पुढे पायी. गावात विचारत गेलो. तो अंगणात तेंदूपानांच्या जुड्या उन्हात पसरत होता. मला पाहून त्याला आश्चर्य वाटलं नाही, किंवा त्यानं ते दाखवलं नाही. बायकोला पाणी आणायला सांगितलं. खाट सावलीत ओढली.

"गाडी कशी आहे?"

"हिरवी केली," मी म्हणालो. "चांगली दिसते."

"कोन चालवते?"

"डॉक्टरचा भाचा."

"क्लच समजला काय त्याले? वरवर धरत नाई, मंग एकदम धरते."

मी फडकं सोडलं आणि लादी खाटेवर ठेवली. मग सगळं सांगितलं. क्लच, ओंडका, मसाला, ओला रंग. बोलताना मी जुड्यांकडे पाहत होतो. माझं संपलं तेव्हा त्यानं एक जुडी उचलून हातात घेतली. आत त्याची बायको काही सांडशीनं उचलत होती, तेवढाच आवाज.

"मले आवाज येगळा लागे तिथचा," तो शेवटी म्हणाला. "पुसताना. मले वाटलं, मिस्त्रीनं जाड पत्रा टाकला. म्या म्हनलं, बेस केलं." त्याला हसू आलं आणि ते लगेच गेलं. "म्हनजे तुमी चालवली."

"हो."

"कशी वाटली?"

"माफ करा भाऊ," मी म्हणालो. "त्यासाठीच आलो."

आता मात्र तो चिडला. हातातली जुडी त्यानं खाली टाकली. "मले कायले सांगून राह्यले तुमी? मले तं मालूम होतं म्या नाई ठोकली. एवढ्या दूर मालूम असलेल्या मानसाले सांगाले आले? ज्याले मालूम नाई त्याले सांगा ना! डाक्टरले सांगा. टपरीवर सांगा. तिथं म्हन्तेत मले चोर."

"चोर नाई म्हणत कोणी—"

"झुठा तं म्हन्तेत?"

मी खाटेवरच्या लादीकडे पाहिलं.

त्यानं लादी फडक्यात बांधली, माझ्या बायकोनं मारली असती त्यापेक्षा चांगली गाठ मारली, आणि माझ्या हातात दिली. "हे तिकडे दाखवा," म्हणाला. "इथी काय काम आहे याचं?" मग जेवायला वाढलं. जेवताना तो पावसाबद्दल बोलला, पुलाबद्दल बोलला. निघताना म्हणाला, "सांगतलं का निरोप धाडा. येईन मी. गाडी चालवाले नाई. टपरीवर चहा प्याले."

मी चंद्रपूरला पोचलो त्याच दिवशी डॉक्टरांच्या घरी गेलो. फाटकातून आत दिसत होतं, हिरवी मोटार अंगणात होती आणि चारपाच पाहुणे तिच्याभोवती उभे होते. डॉक्टर सांगत होते, मागच्या मडगार्डात केवढा मसाला निघाला. "जुना, विश्वासातला ड्रायव्हर, बरं का," ते म्हणत होते, "शेवटपर्यंत कबूल नाही झाला." मला पाहून त्यांनी हात केला, "हे आमचे पेंटर, यांच्यासमोरच निघाला तो. विचारा यांना."

सगळे माझ्याकडे वळले. लादी काखेतल्या पिशवीत होती.

"हो," मी म्हणालो. "माझ्यासमोरच निघाला."

निरोप मी कधी धाडला नाही. तो चहा प्यायला आला नाही. पुढे कळलं की तो गेला, कोणत्या साली ते मला सांगता येणार नाही. मिस्त्री गेला. डॉक्टर गेले आणि त्यांच्या भाच्यानं मोटार विकली. टपरीच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. तिथे थांबणाऱ्यांतले दोघंतिघं अजून दिसतात बाजारात. त्यांच्यातल्या एकानं मागच्या वर्षी माझ्या मुलीला हसत सांगितलं, "तुझ्या बाबाच्या गॅरेजात एका ड्रायव्हरचं लबाडीचं काम पकडलं होतं, चुंबक लावून." तिनं घरी येऊन मला ते कौतुकानं सांगितलं.

आज ती मोटार ज्यांच्याकडे असेल त्यांनी मागच्या डाव्या मडगार्डावर चुंबक लावून पाहिलं तर ते चिकटेल. तिथे आता काही भरलेलं नाही. मिस्त्रीचं काम आहे ते. जे भरलं होतं ते माझ्याकडे आहे, त्याच फडक्यात, ड्रायव्हरभाऊच्या हातची गाठ मी अजून सोडलेली नाही.

ज्यांना माहीत नव्हतं त्यांच्यासाठी लिहितो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी गाडी मी चालवली. ओंडक्यावर मी घातली. मसाला मी भरला. ड्रायव्हरभाऊ तेव्हा फुलं आणायला गेला होता. त्याच्या हातानं त्या गाडीवर एक रेघ गेली नाही.